आजारी बाईचा हात

नांदेडला माझे वर्षभराचे बहुतेक काम लग्नांच्या शूटिंगचे असते. गेल्या हिवाळ्यात मात्र व्हिडिओ आर्ट करणाऱ्या एका कलावंत बाईंसाठी मी किनवट तालुक्यातल्या एका तांड्यावर दोन दिवस कॅमेरा चालवला. बंजारा स्त्रीचे शरीर हेच समाजाच्या स्मृतीचे दप्तर, ही त्यांची कल्पना होती, आणि तिच्यासाठी त्यांना सत्तरी ओलांडलेल्या एका आजींचे फेटियावर, म्हणजे बंजारा घागऱ्यावर, कशिदा घालणारे हात हवे होते.

घरातला दिवा मी आधी बंद करवला, कारण स्वस्त एलईडी वेगवान शटरवर लपलपतो. दाराचा उजेड पुरेसा होता. खरी अडचण होती ती फेटियावरच्या आरशांची. प्रत्येक भिंगात कॅमेऱ्यासकट मी दिसत होतो. शेवटी काळ्या कापडाला लेन्सपुरते भोक पाडून मी त्यामागे दडलो, तेव्हा कुठे भिंगांतून माझी हकालपट्टी झाली. लग्नवाल्याला कला काय कळणार, असे मानणाऱ्यांनी हे एकदा करून पाहावे.

सेकंदाला 100 फ्रेम्स घेऊन 25च्या गतीने दाखवल्या की हात चौपट संथ होतो. बाईंना तेच हवे होते. आजींनी मॉनिटरवर ते पाहिले आणि गोरबोलीत मुलाला काहीतरी म्हटले. तो जरा घुटमळला. "याडी, म्हणजे आई, म्हणते, हा हात आजारी बाईचा आहे."

मग त्या पुन्हा शिवायला बसल्या आणि मी कोणालाही न विचारता 25 फ्रेम्सवर कॅमेरा चालू केला. सुई दिसेनाशी होईल अशा वेगाने टाके घालत त्या धाकट्या बहिणीविषयी सांगत होत्या, मुलगा मराठीत आणत होता. ती आदिलाबादकडे दिलेली. 1956पर्यंत दोन्ही गावे एकाच हैदराबाद राज्यात होती. आज तेलंगणात तिची मुले अनुसूचित जमातीत मोडतात आणि इकडे आजींची विमुक्त जातीत. "टाका मात्र दोघींचा एकच," आजी म्हणाल्या.

बाईंनी संथ हातच घेतला. आठवण संथच असते, असे त्यांचे म्हणणे. ते मला पूर्ण खोडता येत नाही, पण ती आठवण आजींची नव्हती.

वेगाची ती चित्रफीत मी मुलाला व्हॉट्सॲपवर पाठवली. दुसऱ्या दिवशी त्याने विचारले, "प्रदर्शनात हेच दाखवले ना?" त्याला मी अजून उत्तर दिलेले नाही.