पूर्व भागातली मिशनसेवा आणि सोलापूरची भाकरी

निवृत्तीनंतर काही काळ मिशनसेवेला जायचं, हे आमच्या दोघांचं फार पूर्वीपासून ठरलेलं होतं. मी परिचारिका, हे शाळेत गणित शिकवायचे. मुलं आपापल्या संसाराला लागली आणि फादरांनी सोलापूरचं नाव काढलं, तेव्हा दोघांनीही लगेच होकार दिला. सगळा जन्म वसईत गेलेला. भात, ओली मासळी, दारात केळीची बाग. सिद्धेश्वर एक्स्प्रेसमधून सकाळी सोलापुरात उतरलो आणि पहिल्यांदा जाणवली ती हवा. इतकी कोरडी, की धुतलेलं लुगडं तासाभरात कडकडीत वाळतं.

खोली मिळाली पूर्व भागात. हा भाग यंत्रमागांचा आणि विड्यांचा. १८७७ साली इथे सुरू झालेल्या मिलला आजही लोक जुनी मिल म्हणतात. कापडाच्या या धंद्यापायी तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, ते इथलेच झाले. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, बाजारात कन्नड आणि उर्दूही. आमच्या गल्लीतली लहान पोरं या चारही भाषांत भांडतात. सकाळी जाग येते ती मागांच्या खडखडाटानं. पहिले काही दिवस डोकं उठायचं, आता माग बंद असले की चुकल्यासारखं वाटतं.

दिवसाची आखणी पाण्यावर ठरते. नळाला रोज पाणी येत नाही, मध्ये काही दिवस जातात, त्यामुळे पाण्याच्या दिवशी सगळी गल्ली हातातलं काम टाकून पिंपं भरते. त्या दिवशी आमची सकाळची प्रार्थनाही लवकर उरकते. मग मी रक्तदाबाचं यंत्र आणि साखर तपासायच्या पट्ट्या घेऊन घरोघर फिरते. संध्याकाळी हे मुलांना गणित शिकवतात. आमची सेवा म्हणायची ती एवढीच.

खरं काम विडी वळणाऱ्या बायकांमध्ये. शेजारच्या अक्का सकाळपासून मांडीवर सूप घेऊन बसतात. भिजवलेलं पान पत्र्याच्या मापावर ठेवून कात्रीनं कापायचं, त्यात तंबाखू पसरायची, बोटांनी वळायचं, टोक नखानं दुमडून आत दाबायचं आणि दोऱ्याचा वेढा. हे सगळं माझं वाक्य संपायच्या आत. मजुरी हजारावर ठरते, म्हणून मान वर करायची सोय नाही. पाठ, मान, डोळे आणि खोकला, माझी वही याच तक्रारींनी भरली आहे. तंबाखूची धूळ छातीत जाते, तोंडाला फडकं बांधा, दर तासाला उठून चार पावलं चाला, असं मी सांगत राहते. सुरुवातीला ऐकून घ्यायच्या आणि पुन्हा सुपावर वाकायच्या. अक्कांनी एके दुपारी ताट वाढलं, “खावा की ओ सिस्टर, आधी खावा,” म्हणाल्या, मी मांडी घालून जेवले, त्यानंतर माझं बोलणं त्यांच्या कानात शिरायला लागलं. माझ्या साऱ्या नोकरीत जे कुणी शिकवलं नाही ते त्या ताटानं शिकवलं. ज्यांची सेवा करायची त्यांच्या घरचं आधी पोटभर खाल्लं पाहिजे.

आणि काय ते जेवण! ज्वारीची भाकरी, येसर मसाला घातलेली तिखटजाळ आमटी, कच्चा कांदा आणि शेंगाचटणी. ही चटणी मिक्सरमधली नव्हे. भाजलेले शेंगदाणे, लसूण, जिरं, लाल तिखट आणि मीठ उखळात घालून कुटत राहायचं, दाण्यांना तेल सुटेपर्यंत. मुठीत दाबली की तिचा गोळा राहतो आणि बोटं तेलकट होतात, तेव्हा ती झाली. वर घट्ट दही घेतलं की आम्हा किनाऱ्यावरच्या माणसांनाही तिखट सोसतं. हुलग्याचे शेंगोळे तर मला मासळीच्या कालवणाइतकेच आवडायला लागले आहेत. सर्दी-खोकल्याच्या दिवसांत हुलग्याचं गरम माडगं मी आता स्वतःच करते.

भाकरी मला अक्कांनी शिकवली. आम्ही तांदळाच्या पिठाची उकड काढतो. इथे पीठ ताजं असेल, त्याला विरी, म्हणजे चिकटपणा असेल, तर साध्या पाण्यातही जमतं. ते जुनं झालं तर मात्र गरम पाणी हवं. परातीत थापताना भाकरी तळहाताखाली गोल फिरायला हवी, तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात, आणि उलटून पुन्हा आचेवर धरली की टम्म फुगते. ज्वारी मंगळवेढ्याची, मालदांडी. मंगळवेढ्याला ज्वारीचं कोठार म्हणतात आणि तिथल्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही आहे. त्या काळ्या रानात ती पावसाळ्यानंतर पेरतात आणि जमिनीत साठलेल्या ओलीवरच ती वाढते. अशा कोरड्या मुलखाचं पोट तिनंच सांभाळलं आहे, हे इथे राहिल्यावर नीट कळलं.

एका रविवारी मिस्सानंतर आम्ही भैय्या चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या स्मारकाला गेलो. सोलापुरात १९१० साली जन्मलेला हा मुलगा १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेला. भर युद्धात जखमींवर उपचार केले, तिथली भाषा शिकला, ग्वो छिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं आणि १९४२ मध्ये, वयाच्या ३२ व्या वर्षी तिथेच देह ठेवला. मी बराच वेळ त्यांच्या फोटोसमोर उभी होते. आम्ही दोघं एका रात्रीच्या प्रवासावर येऊन स्वतःला सेवेकरी म्हणवतो. त्यांनी तर सगळं आयुष्यच दिलं.

जानेवारीत गड्ड्याची यात्रा. बाराव्या शतकातले शिवयोगी सिद्धरामेश्वर या गावाचं दैवत. पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी उंचच उंच नंदीध्वज पेलत येतात, संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा होतो आणि हजारो हात एकदम वर जातात. आम्ही ख्रिस्ती, तरी अक्कांनी आमच्या मुठीत अक्षता दिल्याच. त्याच दिवशी भोगी होती. कुणाकडून तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि मिसळीची भाजी आली, अक्कांकडून तांदळाचे, तीळ घातलेले सकिनालु. वसईहून आणलेली सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, मी घरोघर वाटली. पोरांना ती भलतीच आवडली.

निवृत्त परिचारिका किंवा शिक्षक हे वाचत असतील तर मनापासून सांगते, या गल्ल्यांत तुमची फार गरज आहे. साखर वाढलेली माणसं इथे घरोघर सापडतात आणि त्यांतल्या कित्येकांनी ती कधी तपासलेलीच नसते. यायचं तर डिसेंबरात या, एप्रिल-मेचं ऊन नवख्या माणसाला सोसत नाही. डिसेंबर-जानेवारीत हुरडाही असतो. शेतावर गोवऱ्यांच्या आरात भाजलेली कोवळी कणसं हातावर चोळून गरमगरमच खायची, शेंगाचटणीबरोबर. येताना रक्तदाबाचं यंत्र आणि साखर तपासायच्या भरपूर पट्ट्या तेवढ्या घेऊन या.