फोटो-स्क्रिप्ट अपडेट: दऱ्या आणि दर्या एक झाले

मंडळी, मागच्या वेळी मी म्हटलं होतं की घरचे फोटो वर्षावार आणि नावावार फोल्डरांत लावणाऱ्या माझ्या पायथन स्क्रिप्टने २०१७चं वर्ष लावून झालं की दोन दिवस थांबायचं आणि मग व्हॉट्सॲपवरच्या फोटोंच्या ढिगाऱ्याला हात घालायचा. ते सगळं राहिलं बाजूला. गेले अकरा दिवस मी एका अक्षरावर अडकले होते, काल रात्री पावणेबाराला ते सुटलं आणि आज सकाळी चहा ठेवून लगेच लिहायला बसलेय, कारण मराठीत फोल्डरची नावं ठेवणाऱ्या प्रत्येकाला हे कधी ना कधी नडणार आहे.

झालं असं की रविवारी आई टीव्हीवर पेनड्राइव्ह लावून '२०१७ दर्या' हे फोल्डर बघत होती, त्यात हर्णै, सुवर्णदुर्ग, मुरुडचा किनारा असं सगळं आहे. दहाएक फोटो झाले आणि आतून हाक आली, "अगं, हर्णैला हे एवढे कातळकडे कुठून आले?" मी जाऊन बघितलं तर पडद्यावर सांदणची दरी! साम्रदहून आम्ही उतरलो होतो तेव्हाचे फोटो, मधेच कोकणकडा, मग परत होड्या. माझ्या पोटात गोळाच आला, कारण '२०१७ दऱ्या' असं वेगळं फोल्डर होतं माझ्याकडे, आणि ते डिस्कवर कुठंच नव्हतं.

स्क्रिप्टने दऱ्या दर्यात नेऊन टाकल्या होत्या.

आता हे कसं झालं ते नीट सांगते. तुम्हाला आठवत असेल, त्याआधीच्या अपडेटमध्ये मी 'पायऱ्या' या टॅगची तक्रार केली होती. हरिहरच्या पायऱ्यांचे फोटो तीन वेगवेगळ्या फोल्डरांत पडत होते आणि तिन्हींचं नाव डोळ्यांना शंभर टक्के सारखं. तेव्हा मला वाटलं होतं की कुठंतरी शेवटी स्पेस राहिलीय. स्पेस नव्हती. पायथनमध्ये ॲस्की() लावून नावं छापली तेव्हा तीन तऱ्हा निघाल्या. माझ्या लॅपटॉपवर टाइप केलेल्या नावात ऱ हे एकच अक्षर, युनिकोडमध्ये (म्हणजे प्रत्येक अक्षराला नंबर देणाऱ्या पद्धतीत) ०९३१ नंबरचं. दादाच्या जुन्या मॅकच्या डिस्कवरून आलेल्या नावात साधा र आणि त्याच्याखाली नुक्ता, म्हणजे ०९३० आणि ०९३सी अशी दोन अक्षरं, कारण ती डिस्क मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस या फाइल सिस्टिमची (म्हणजे डिस्कवर फाइल्स आणि नावं ठेवायच्या पद्धतीची) आणि ती सिस्टिम नावं साठवताना स्वतःच अशी फोड करते (नवी एपीएफएस नाव दिलं तसं ठेवते, फक्त शोधताना दोन्ही एकच मानते). आणि तिसरी तऱ्हा फोनवरून आलेली: र, हलन्त आणि मग झिरो विड्थ जॉइनर, म्हणजे न दिसणारं जोडणीचं अक्षर, त्यानेही तोच चंद्रकोरीसारखा र दिसतो. दिसायला तिन्ही 'पायऱ्या', बाइट्स मात्र वेगळे, आणि लिनक्सवरच्या एक्स्ट-फोर या फाइल सिस्टिमला फक्त बाइट्स कळतात, त्यामुळं तिन्ही फोल्डरं शेजारीशेजारी सुखाने नांदत होती.

पहिल्या दोन तऱ्हा सोप्या. पायथनच्या युनिकोडडेटा मोड्यूलमधलं नॉर्मलाइझ एनएफसीवर (म्हणजे समान अक्षरांना ठरावीक एकच रूप देणाऱ्या युनिकोडच्या नियमावर) चालवलं की र आणि नुक्ता परत ऱ होतात. तिसऱ्याला मात्र एनएफसी हातच लावत नाही, कारण युनिकोडच्या लेखी जॉइनरवालं रूप आणि ऱवालं रूप ही दोन वेगळी अक्षररचना आहेत, एकमेकांशी समान नाहीत. मग तुमच्यापैकी दोघांनी सुचवलं होतं की अदृश्य अक्षरं सरसकट उडवून टाक, आणि मला ते पटलं, कारण इतर शब्दांत ती उडवली तरी काही बिघडत नाही, जोडाक्षर फार तर थोडं वेगळं दिसतं. मी एका ओळीत जॉइनर आणि नॉन-जॉइनर दोन्ही उडवले, ड्राय रन (म्हणजे काहीही न हलवता नुसती यादी छापणारी चाचणी) केला, आकडे बघितले, एकूण फाइल्स जुळल्या, आणि खरा रन सोडला.

पण र् नंतरचा जॉइनर उडवला की उरतं काय? र, हलन्त, य. म्हणजे रफार. दऱ्या टाइप करताना फोनवरून जॉइनर आला होता, तो गेला आणि दर्या झाला. आपल्या भाषेत या दोन्हींचे अर्थ इतके लांब आहेत की एक डोंगरात आणि एक समुद्रात, आणि मधे फक्त एक न दिसणारं अक्षर. ड्राय रनच्या यादीत हे सगळं छापलेलं होतं, मी नंतर बघितलं, '२०१७ दर्या'कडे जाणाऱ्या ओळी सरळ दिसत होत्या. मी फक्त बेरीज बघितली होती.

याहून वाईट पुढं आहे. दोन्ही फोल्डरांत एकाच कॅमेऱ्याचे फोटो, आणि तो कॅमेरा ९९९९ झाले की परत १ पासून नंबर देतो, त्यामुळं डीएससी_०४१२ हर्णैचाही होता आणि सांदणचाही. लिनक्सवर पायथनची फाइल हलवणारी आज्ञा ओएस.रीनेम समोर त्याच नावाची फाइल असेल तर न विचारता तिच्यावर दुसरी ठेवतं (विंडोजवर एरर येते, हे मला माहीत होतं, पण स्क्रिप्ट मी मुळात ऑफिसच्या विंडोज मशीनवर लिहायला घेतली होती आणि ते डोक्यातून निघून गेलं). एकूण ३८ फोटो असे पुसले गेले. त्यातला एक सांदणच्या तळाशी पाण्यात उभ्या असलेल्या बाबांचा होता. बाबा आता ट्रेकला येत नाहीत, गुडघे गेलेत, त्यामुळं तो फोटो मला परत मिळणार नाही असं वाटल्यावर मी अर्धा तास जागची हलले नाही.

सुदैवाने मूळ डिस्क मी पुसली नव्हती. ती पुण्याच्या तपकीर गल्लीतून घेतलेली जुनी दोन टीबीची, केसिंगला तडा गेलाय, पण चालते. यूएसबी हब मधे घातला तर दर वीस मिनिटांनी कनेक्शन तुटायचं, म्हणून तो काढून सरळ लॅपटॉपला लावली (स्वस्तातले बिनपॉवरचे हब डिस्कसाठी घेऊच नका, माउसला ठीक आहेत). दोन्हीकडच्या सगळ्या फाइल्सचे ब्लेक-टूबी हॅश (म्हणजे फाइलच्या आतल्या मजकुरावरून निघणारा ठसा) काढले, मूळ डिस्कवर आहेत पण नव्या रचनेत कुठंच नाहीत असे हॅश शोधले, बरोबर ३८ आले, ते परत आणले. दुसऱ्यांदा चालवलं तेव्हा शेवटची ओळ आली 'गहाळ: ०'. ती ओळ मी बराच वेळ बघत बसले. बाबांचा फोटो उघडून बघितला, आहे.

आता नवा नियम. नावांना धक्का लावायचा नाही, तुलनेसाठी वेगळी किल्ली, म्हणजे नावाचं नुसतं ताडून बघायचं रूप, बनवायची. किल्ली बनवताना क्रम महत्त्वाचा आहे: आधी एनएफसी, मग र-हलन्त-जॉइनर दिसलं की त्याचं ऱ-हलन्त करायचं, आणि हे झाल्यावरच उरलेले जॉइनर उडवायचे. हा क्रम उलटा केला की परत समुद्रात. शिवाय ॲ. हे मला आधी माहीतच नव्हतं. 'ॲल्बम' लिहिताना ॲ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली ५.१ मध्ये आलं, त्याआधी आणि अजूनही काही कीबोर्डवर लोक अ टाइप करून वर अर्धचंद्र देतात, आणि एनएफसी या दोघांना जोडत नाही. तसंच ऑ आणि आ-वर-चंद्र. माझ्याकडे 'ऑफिस ट्रेक' दोन निघाले ते यामुळंच. हे दोन नियमही किल्लीत घातले.

त्या ओघात एक गंमत कळली. एनएफसीने नाव नेहमी आखूडच होतं असं मी धरून चालले होते, तसं नाही. इंदूरच्या मैत्रिणीने पाठवलेल्या 'पहाड़' नावात नुक्त्याचा ड एकच अक्षर होता, आणि एनएफसीने त्याची उलट दोन अक्षरं केली, कारण ती हिंदी-उर्दूची नुक्तेवाली अक्षरं परत न जोडण्याच्या यादीत आहेत. आपला ऱ त्या यादीत नाही, म्हणून तो जुळतो. लांबीचं एवढ्यासाठी बघायचं की एक्स्ट-फोरवर फाइलच्या नावाला २५५ बाइट्सची मर्यादा, आणि देवनागरीचं एक अक्षर यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट्सचं, म्हणजे ८५ अक्षरंच मावतात, आणि मात्रा, हलन्त, जॉइनर हे सगळे त्यात मोजले जातात. नुसता 'ऱ्या' १२ बाइट्स खातो, जॉइनरवाला १५. विंडोजवर चाललेलं लांबलचक नाव इकडं 'नाव फार मोठं' म्हणून अडतं ते यामुळं. मी नावाची मर्यादा २०० बाइट्स ठेवलीय, मोजताना अक्षरं नाही, बाइट्स मोजायचे.

फाइल हलवण्याचं पण बदललं. आता आधी ओएस.लिंकने नव्या जागी हार्डलिंक (म्हणजे त्याच फाइलला दुसरं नाव) करते, तिथं काही असेल तर ते लगेच एरर देतं, आणि लिंक झाली तरच जुनं नाव काढते. एकाच फाइल सिस्टिमवर हे अगदी भरवशाचं आहे. एक्सफॅटच्या पेनड्राइव्हवर चालत नाही, तिथं हार्डलिंकच नसते, पण पेनड्राइव्हवर मी कॉपीच करते, हलवत नाही. डुप्लिकेट शोधायला आरएमलिंट हे टूलच वापरतेय, ते स्वतः काही न पुसता काय पुसायचं त्याची शेल स्क्रिप्ट बनवून देतं, ती वाचता येते, हा त्याचा मोठा गुण. आणि फोटोतली तारीख वाचणाऱ्या एक्झिफटूलबद्दल किती वेळा सांगू, फिल हार्वे २००३ पासून तो सांभाळतायत आणि तारीख काढायला त्याच्याइतकं खात्रीचं मला दुसरं काही मिळालेलं नाही.

चाचणीची यादी पण केलीय, सध्या ४३ शब्द. पायऱ्या, कऱ्हा, वऱ्हाड, गोऱ्हे हे तिन्ही तऱ्हांनी लिहिले तरी किल्ली एकच यायला हवी. सूर्यास्त, आचार्य, कार्यक्रम हे जसेच्या तसे राहायला हवेत. आणि सगळ्यात वरची ओळ, दऱ्या आणि दर्या यांच्या किल्ल्या वेगळ्याच यायला हव्यात, नाही आल्या तर स्क्रिप्ट पुढं चालणारच नाही. काल पावणेबाराला ४३ पैकी ४३ पास झाले.

एक गोष्ट मशीनने सुटणार नाही. ज्यांना ऱ कसा टाइप करायचा माहीत नाही ते सरळ 'पायर्या' लिहितात, रफार देऊन. 'पायर्या' असा शब्द नाही म्हणून तो दुरुस्त करता येईल, पण कोणी 'दर्या' लिहून दऱ्या म्हणत असेल तर कसं कळणार? फोटोच बघावा लागेल. मामाच्या फोल्डरांत असे सतरा आहेत, ते हाताने करणार.

हे लिहिता लिहिता एक सुचलं, आणि त्यामुळं आज रात्रीचा २०१८चा रन पुढं ढकलतेय. दोन नावं नुसत्या एनएफसीने एक होत असतील तर बिनधास्त एकत्र करायची. पण माझे बाकीचे नियम लावल्यावरच एक होत असतील, तर स्क्रिप्टने ती एकत्र न करता दोन्हींतला एकेक फोटो शेजारी दाखवून विचारावं. माझ्या अंदाजाने वर्षाला पाच-सहाच प्रश्न येतील, तेवढं मी बघू शकते. हे आधी असतं तर सांदणचा फोटो आणि हर्णैचा फोटो शेजारी बघून मी तिथंच थांबले असते.

मागे कोणीतरी म्हणालं होतं की सगळी नावं इंग्रजी अक्षरांत ठेव, कटकटच नको. सगळी नावं डेटाबेसमध्ये आणि फाइलला फक्त तारीख, असाही विचार मी दोन दिवस केला, एसक्यूलाइटमध्ये टेबल पण बनवलं होतं. पण ते मी काढून टाकलं. आई फोल्डरचं नाव वाचून फोटो उघडते, आणि तिला 'दऱ्या' वाचता येतं. ते तसंच राहणार.

तुमच्याकडे ऱ्ह, ऱ्य वाले अजून काही शब्द असतील, गावांची, आडनावांची, खासकरून ज्यांचा रफार केला तर दुसराच खरा शब्द होतो असे, तर पाठवा, यादीत घालते. व्हॉट्सॲपचा ढीग आता पुढच्या महिन्यात.