अंगठा

"आजी, बोट पुसा आणि परत लावा."

रेशनच्या रांगेत आज हे चौथ्यांदा ऐकलं. आजींनी अंगठा पदराला घासला, मशीनवर दाबला. नाहीच. "भांडी घासून रेषाच गेल्या गं," मला हळूच म्हणाल्या, जणू चूक त्यांचीच.

घरी येऊन 'डिसेंट ऑन आधार' हे पुस्तक पुन्हा उघडलं. आयआयटी दिल्लीत शिकवणाऱ्या अर्थतज्ज्ञ रीतिका खेरा यांनी संपादित केलेलं, २०१९ चं. न जुळणाऱ्या बोटांपायी माणसाचं धान्य कसं अडतं, ते त्यात आहे. म्हणजे दोष आजींच्या अंगठ्याचा नाही, हे अभ्यासकांनी केव्हाच मांडलंय.

पण इंग्रजीत. रांगेतल्या आजींपर्यंत ते पोचणार कसं? आपल्या विद्यापीठांतून मराठीत असं कुणी लिहितंय का? माहीत असेल तर सांगा, मला वाचायचंय.