सुईवर एकच टाका: लेकीच्या जागेपणी वाढलेलं ब्लँकेट

क्रोशाच्या, म्हणजे टोकाला आकडा असलेल्या एकाच सुईने विणायच्या, ब्लँकेटचे निम्म्याहून जास्त चौकोन विणून झाले. त्यातले बहुतेक लेक जागी असताना, माझ्या पायापाशी खेळत असताना झालेत, आणि मला तीच मोठी प्रगती वाटते. घरात दोन वर्षांच्या आसपासचं मूल असलं की वेळ किती मिळतो याचा हिशेब मांडण्यात अर्थ नाही; मिळेल तेवढाच मिळतो. बघायचं ते एवढंच, की हातातलं काम कुठल्याही क्षणी खाली ठेवता येतं का, आणि परत उचलल्यावर आपण कुठे होतो ते किती पटकन कळतं. या दोन कसोट्या लावून मी माझे छंद नव्याने बेतले. त्याची ही नोंद.

आधी जे बाजूला ठेवलं त्याबद्दल. दोन सुयांवरची लेसची शाल गुंडाळून कपाटात वरच्या फळीवर गेली आहे. दोन सुयांच्या विणकामात अख्खी ओळ सुईवर उघडी असते, शंभर-दीडशे टाके. सुई ओढली गेली की त्यातले कितीही घसरतात, आणि लेसमध्ये जाळीची नक्षी एकदा उसवली की टाके परत जागच्या जागी बसवायला शांत डोकं आणि लांबलचक संध्याकाळ लागते. मधल्या ओळींतून आधाराचा दोरा ओवून ठेवला तर उसवणं तिथवर थांबतं, पण दर वेळी तो ओवायला तरी सवड हवी ना. क्रोशात सुईवर टाका एकच. तो ऐसपैस ओढून ठेवला किंवा त्यात मार्कर (टाका धरून ठेवणारी छोटी कडी) अडकवला की झालं. पोरीने चौकोन उचलून पळ काढला तरी फार तर दोन-चार खांब (क्रोशाचे उंच टाके) जातात. ट्युनिशियन क्रोशे (लांब सुईवरचा क्रोशाचा एक प्रकार) करणाऱ्यांना मात्र हा फायदा नाही, तिथे टाके सुईवर साठतातच.

म्हणून ग्रॅनी स्क्वेअर, म्हणजे मधून सुरू करून बाहेर फेऱ्यांनी वाढवायचा क्रोशाचा चौकोन. 4 मि.मी.ची सुई, डीके (मध्यम) जाडीची अ‍ॅक्रिलिक लोकर, चार फेऱ्यांचा चौकोन. पहिल्या फेरीत तीन-तीन खांबांचे चार गट, म्हणजे 12 खांब. मग 24, 36, 48. पण हे आकडे फक्त सांगण्यापुरते. विणताना मोजावं लागत नाही, म्हणून तर हा नमुना निवडला. कोपऱ्याच्या जागेत दोन गट, बाजूच्या जागेत एक गट. चौकोन हातात घेतला की तो स्वतःच सांगतो पुढे काय करायचं. कागद नको, तक्ता नको, फेऱ्या मोजायचं यंत्र नको. ज्या नमुन्याला डोक्यात आकडा धरून ठेवावा लागतो, तो नमुना मूल जागं असताना हातात घ्यायचाच नाही, असं माझं ठाम मत झालंय. «बाबा, हे बघ» ऐकलं की मान वर करून खरोखर बघता आलं पाहिजे. सदतीस, अडतीस असं पुटपुटत «हं हं» म्हणणं मला नको होतं.

थांबण्याची एक सवय लावून घेतली आहे आणि ती फार उपयोगी पडते. फेरी पूर्ण झाली की तिथे थांबायचं नाही. पुढच्या फेरीचा पहिला गट विणायचा आणि मग थांबायचं. फेरीच्या शेवटी थांबलं तर परत आल्यावर निर्णय घ्यावा लागतो: रंग बदलायचा का, कुठल्या कोपऱ्यातून सुरू करायचं, हा चौकोन संपला का? तेवढ्यानेही काम हातात घ्यायचा कंटाळा येतो. एक गट पुढे विणलेला असला की हात आपोआप सुरू होतात. ज्या कामात खरोखर काही लक्षात ठेवायचं असतं, तिथे थांबताना मी फोनवर एक वाक्य बोलून ठेवतो. लिहायला हात मोकळे नसतात, बोलायला तोंड असतं.

चौकोन मी अजून एकमेकांना जोडलेले नाहीत. शेवटच्या फेरीतच जोडत जायची पद्धत मला एरवी आवडते, कारण मग शिवणकामाचा डोंगर उरत नाही. पण जोडत गेलो की ब्लँकेट मोठं होतं, मांडीवर पसरतं, आणि मांडी तिची असते. सुटा चौकोन तळहातावर मावतो. ती येऊन मांडीत बसली तर तिच्या डोक्यावरून हात पुढे घेऊन विणता येतं. आत्ता याच अवस्थेत सर्वात जास्त काम होतं: तिची पाठ माझ्या पोटाला टेकलेली, तिच्या हातात झालेला एक चौकोन, माझ्या हातात चालू असलेला. ती बोटं जाळीतून आरपार घालते आणि पलीकडून हलवून दाखवते. धाग्याची सुटी टोकं मात्र त्याच वेळी आत ओवून टाकतो, कारण टोक दिसलं की ती ते उपटणारच, आणि टोकं साठवून शेवटी ओवत बसणं कोणालाच आवडत नाही.

सुरक्षेबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण आपल्या छंदात बारीक वस्तू फार. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांचे बारीक भाग तपासायला 31.7 मि.मी. व्यासाचं एक नळकांडं वापरतात. जी वस्तू त्यात पूर्ण मावते, ती घशात अडकू शकते असं धरतात. आपले प्लास्टिकचे स्टिच मार्कर, बटणं, मणी, बाहुल्यांचे डोळे, सगळं त्यात सहज जातं. त्यामुळे दिवसा मार्कर म्हणून वेगळ्या रंगाच्या लोकरीचा तुकडा टाक्यातून ओवतो. कात्री आणि शिवायच्या सुया झाकणाच्या डब्यात, डबा उंचावर. आणखी एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही: सुटा धागा किंवा केस लहान मुलाच्या पायाच्या बोटाभोवती घट्ट गुंडाळला जाऊ शकतो आणि रक्तपुरवठा तुटू शकतो. विणलेल्या मोज्यांच्या आतल्या बाजूला लोंबणारे धागे ठेवू नका. मूल कारण नसताना रडत राहिलं तर बोटं एकदा बघा. लोकरीचा लांब धागा घेऊन ती खेळते तेव्हा मी शेजारी असतोच, आणि खेळ संपला की गुंडा डब्यात जातो. धागा गळ्याभोवती जायला एक क्षणही पुरतो.

बाहुल्या, म्हणजे अमिगुरुमी, मी रात्रीसाठी ठेवल्यात. मुका खांब (क्रोशाचा आखूड टाका) गोल गोल फिरत जातो, फेरी कुठे संपली ते दिसत नाही, आणि दर फेरीत सहा टाके वाढवायचे: 6, 12, 18, 24. मध्येच उठावं लागलं तर आकडा हरवतो. तरी एक युक्ती आहे. दोन वाढींच्या मध्ये किती साधे टाके आहेत ते बघायचं. दोन असतील तर फेरी 24 ची, तीन असतील तर 30 ची. सध्या एक हत्ती चालू आहे. डोळे काळ्या धाग्याने भरणार. मागे चकती लावून बसवायचे प्लास्टिकचे डोळे कितीही घट्ट वाटले तरी चावणाऱ्या मुलाच्या हातात मी ते देणार नाही. शिवाय एरवीपेक्षा बारीक सुई घेतली आहे, म्हणजे वीण दाट येते आणि आतला कापूस बाहेर डोकावत नाही.

आता मनगटाबद्दल, आणि हे कृपया वाचाच. काही आठवडे मला उजव्या अंगठ्याच्या बुडाशी, मनगटाच्या कडेला कळ येत होती. डॉक्टरांनी सांगितलं की हा त्रास लहान मुलांच्या आईवडिलांमध्ये नेहमी दिसतो. फ्रिट्झ द केरव्हान या स्विस शल्यविशारदाने 1895 मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून त्याचंच नाव या दुखण्याला आहे. अंगठा हलवणाऱ्या दोन कंडरा मनगटाजवळ एका अरुंद बोगद्यातून जातात. तिथलं आवरण जाड होतं आणि प्रत्येक हालचालीला घासतं. मूल काखेत हात घालून, अंगठे ताणून उचलणं हे त्याचं ठरलेलं कारण. त्यात आपण अंगठा आणि तर्जनीत सुई घट्ट धरून तासन् तास मनगट फिरवतो. म्हणजे ज्या जागेला दिवसभर ताण, तिलाच विरंगुळ्याच्या वेळेतही ताण. मी दोन बदल केले. लेकीला उचलताना तळवे वरच्या दिशेला ठेवून तिला खालून आधार देतो. आणि सुईला जाड मूठ बसवली, ती पेन्सिलसारखी न धरता मुठीत धरतो. सुरुवातीला टाके सैल पडले, आता हात बसला. दुखायला लागलं की सुई खाली, हा नियम कुठल्याही चौकोनापेक्षा वरचा. बायकोने तर उचलाउचलीची संध्याकाळची पाळी पूर्णच स्वतःकडे घेतली, तेव्हा फरक पडला.

मनगटाला विश्रांती द्यायची होती म्हणून चित्रांची वही परत उघडली. जलरंगच का, याचंही कारण तेच: खाली ठेवता येणं. पॅनमधला, म्हणजे रंगाच्या छोट्या वडीतला, वाळलेला जलरंग पाण्याचा थेंब पडला की जागा होतो. अ‍ॅक्रिलिक रंग पॅलेटवर वाळला की गेलाच, आणि तैलरंगांसाठी लागणारे द्रावक रांगत्या-धावत्या मुलाच्या घरात नकोत. पाणी पोटात भरलेला वॉटरब्रश वापरतो, त्यामुळे सांडायला किंवा प्यायला पेला नाही. कॅडमियम या विषारी धातूचे रंग डबीतून काढून त्या जागी कॅडमियमविरहित पिवळा आणि लाल भरला. तिची बोटं डबीत जाणार हे गृहीत धरूनच डबी भरायची.

काढतो कोणाला, तर तिलाच. ती स्थिर बसत नाही, त्यामुळे एका पानावर पाच-सहा चित्रं एकदम सुरू करतो. वाकलेली, उकिडवी बसलेली, पाठमोरी. ती हलली की पुढच्या चित्राकडे, परत तशीच बसली की आधीच्या चित्राकडे. मुलं त्याच त्याच मुद्रांकडे परत येतात, हे वही उघडेपर्यंत मला जाणवलंच नव्हतं. प्रमाणाची एक गोष्ट हाताला लागली. मोठ्या माणसाची उंची साधारण साडेसात डोक्यांची धरतात. या वयाच्या मुलाची चार-पाच डोक्यांचीच. डोळे डोक्याच्या मध्यरेषेच्या खाली येतात, वर मोठं कपाळ. हात डोक्यावरून पलीकडच्या कानापर्यंत पोचतच नाही. हे नीट पाहिलं की रेषा आपोआप त्या वयाची येते. नाहीतर लहान आकाराचा मोठा माणूस उतरतो. उकिडवी बसलेली असताना तिची पाठ इतकी ताठ असते आणि टाचा जमिनीला इतक्या पूर्ण टेकलेल्या असतात, की ती रेषा काढताना दर वेळी मजा येते.

वेळेचं म्हणाल तर तिची दुपारची एकच झोप उरली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शनात एक ते दोन वर्षांच्या मुलांसाठी दिवसाकाठी 11 ते 14 तास झोप धरली आहे, दुपारची धरून. हे आकडे मी छंदासाठी बघितले नव्हते, पण त्यामुळे ती झोप माझ्या सोयीने लांबवायची किंवा टाळायची नाही हे मनाशी पक्कं झालं. ती झोपली की पहिला अर्धा भाग माझा, घरकाम नंतर. उलट क्रम ठेवला तर माझा भाग कधीच येत नाही. घरकाम संपत नसतं. ज्या घरात दोघं आहेत तिथे आठवड्यातली एक ठरलेली संध्याकाळ प्रत्येकाची असावी, आणि ती मागून घ्यावी लागू नये. आमच्याकडे बायकोची संध्याकाळ तिच्या मातीकामाची.

मुलाला छंदात सामील करून घ्या, असं सगळे सांगतात. ते अर्धंच खरं आहे असं मला वाटतं. लेक चौकोन जमिनीवर मांडते, त्यावरून चालते, बाहुलीला झोपवते, रंगांचे ढीग करते. तो तिचा खेळ आहे आणि तो तिच्या मनाप्रमाणेच चालला पाहिजे. मी तो माझ्या नमुन्याकडे वळवायला गेलो की तिचा रस जातो. आणि माझी एकाग्रतेची भूक त्याने भागत नाही. दोन्ही लागतं, वेगवेगळं. पण तिने एकदा चौकोनांची लांब रांग लावली, निळ्याशेजारी नारिंगी, मग तीन पिवळे सलग, मग एकदम राखाडी. मी फिकटाकडून गडदाकडे जाणारी मांडणी ठरवली होती. तिची रांग बघितली आणि फोटो काढून ठेवला. ब्लँकेटची मधली ओळ त्या फोटोप्रमाणेच जोडणार आहे.

धुण्याचं एवढंच: कोपरा तोंडात जातो, तेव्हा प्रत्येक नवा रंग आधी ओल्या पांढऱ्या कापडावर घासून बघतो. साधी लोकर मशीनमध्ये आटते, म्हणून अ‍ॅक्रिलिक. ब्लॉकिंगला, म्हणजे चौकोन ताणून आकारात बसवायला, टाचण्या लावत नाही. रात्री दार लावून इस्त्री कापडाला न टेकवता वरून हलकी वाफ देतो. जास्त वाफ लागली तर अ‍ॅक्रिलिक कायमचं लुळं पडतं, तेव्हा आधी एका जास्तीच्या चौकोनावर करून बघा.

पुढे उरलेले चौकोन, मग रात्रीच्या बैठकींत जोडणी. मुक्या खांबाने जोडणार, कारण शिवणीपेक्षा ती उठून दिसते आणि ओढाताण सहन करते. किनारीला शिंपल्यांची नक्षी छान दिसली असती, पण तिच्या कमानींत बोटं अडकतील, म्हणून मुक्या खांबाच्या साध्या तीन फेऱ्या घालेन. रंग राखाडी की निळा ते अजून ठरलेलं नाही. हत्तीची सोंड भरून झाली आहे, कान बाकी आहेत.