सतरावं पान

मे महिन्यात आमच्या ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या गाळ्यातलं रिसो मशीन, म्हणजे स्टेन्सिलवरून भराभर प्रती काढणारं मशीन, जवळजवळ रिकामंच असतं. वर्षभर त्यावर नौपाड्यातल्या, पाचपाखाडीतल्या क्लासेसच्या प्रश्नपत्रिका निघतात. परीक्षा संपल्या की काळ्या आणि लाल शाईचे दोन्ही ड्रम नुसते पडून. गेल्या वर्षी अशाच एका दुपारी एक मुलगी लॅपटॉप छातीशी धरून आली. चोवीस पानांची पुस्तिका, दोन रंग, दीडशे प्रती. आधी दोन छापखाने फिरून झाले होते. एकाने फाइल बघूनच नको म्हटलं. दुसरा छापायला तयार होता, पण त्याचं नाव कुठे येता कामा नये, अशी अट होती.

पुस्तिका होती सिजिलवर. मला तो शब्द माहीत नव्हता. तिने शेजारी बसून समजावलं. ऑस्टिन स्पेअर नावाचा लंडनचा चित्रकार, जन्म 1886, वडील पोलिसात. 1904 मध्ये, सतराव्या वर्षी, त्याचं चित्र रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनात लागलं. पण तो त्या मोठ्या वर्तुळात रमला नाही. 1913 मध्ये त्याने स्वतःच पुस्तक काढून इच्छापूर्तीची आपली पद्धत मांडली: इच्छा एका वाक्यात लिहायची, पुन्हा पुन्हा येणारी अक्षरं एकदाच ठेवायची, उरलेल्यांचं मिळून एकच चिन्ह, म्हणजे सिजिल, करायचं, आणि मग ती इच्छा विसरून जायची. 1941 च्या बॉम्बहल्ल्यात त्याचं राहतं घर आणि स्टुडिओ गेला. पुढे तो दक्षिण लंडनच्या दारूच्या गुत्त्यांमध्ये चित्रं मांडून स्वस्तात विकायचा. 1956 मध्ये वारला. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमधल्या काही तरुणांनी त्याची पद्धत उचलली, तिला केऑस मॅजिक (जादूची एक नवी रीत) म्हणू लागले, आणि छोट्या, स्वस्तात छापलेल्या मासिकांतून ती हातोहात पसरली.

तिने ती पद्धत देवनागरीत आणली होती. ‘माझं काम मला मिळू दे.’ काना-मात्रा काढल्या, चार वेळा आलेला म एकदाच ठेवला. उरले म, झ, क, ल, ळ, द. शिरोरेषा पुसली आणि म च्या दांड्याला बाकीचे पाच टांगले. ळ ची दोन वेटोळी त्या दांड्याला अशी बिलगली होती की मी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिलं. आमचे बाइंडर मामा मागून म्हणाले, “हे तर जोडाक्षरच की.” मला ते फार पटलं.

काम मी घेतलं, आणि आनंदाने घेतलं. माझे वडील याच गाळ्यात सायक्लोस्टाइल चालवायचे. दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ यांनी 1954 मध्ये ‘शब्द’ हे अनियतकालिक काढलं ते सायक्लोस्टाइलवरच, हे ते आल्यागेल्याला सांगत. रिसो म्हणजे त्याच घराण्यातलं मशीन. मास्टरला, म्हणजे पातळ स्टेन्सिलला, उष्णतेने बारीक छिद्रं पडतात, तो ड्रमला गुंडाळला जातो आणि छिद्रांतून शाई कागदावर उतरते. चार पोरांनी पदरचे पैसे घालून काहीतरी वेडं, स्वतःचं छापायचं, तर ते अशाच मशीनवर. असं काम दारात आलं तर परत पाठवायचं नाही, हे माझ्या मनात पक्कं आहे.

ए-थ्रीचे तीन कागद, सहा बाजू, दोन रंग, म्हणजे बारा मास्टर. दुसऱ्या दिवशी सकाळी आधी काळा ओढून घेतला. दुपारी लाल ड्रम चढवला. मामा सुटे ताव तपासत होते. एकदम म्हणाले, “ताई, मशीन थांबवा.”

सतरावं पान. त्या पानावर लाल विंचू, आणि त्याच्या पाठीवर तिच्या आजीच्या वहीतलं मंत्रतंत्राचं यंत्र. सगळ्या पुस्तिकेतलं हे सर्वांत देखणं चित्र. खाली काळ्यात आजीचेच शब्द: विंचू चावला की हे पाटीवर काढावं, धुऊन ते पाणी पाजावं, उतार पडेपर्यंत माणसाला घराबाहेर नेऊ नये.

“हे मी घडी घालणार नाही,” मामा म्हणाले.

मामा गळ्यात माळ घालतात, पण भुताखेतांना घाबरणारे नाहीत. जादूटोणाविरोधी कायदा व्हावा म्हणून ते वर्षानुवर्षं मोर्चांना जात. 20 ऑगस्ट 2013 ला दाभोलकरांचा खून झाला तेव्हा हा माणूस दोन दिवस जेवला नव्हता. मामांनी त्या कायद्याची कलमं तोंडपाठ सांगितली. अनुसूचीत बारा बाबी आहेत. कुत्रा, साप, विंचू चावलेल्याला डॉक्टरकडे जाऊ न देता मंत्रतंत्र करणं, ही त्यांतली एक. आणि प्रचार म्हणजे नुसतं बोलणं नाही, पुस्तक काढणंही त्यात येतं. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत.

मुलीचा चेहरा उतरला. “मामा, ही आजीची आठवण आहे. कोणी खरंच करावं म्हणून नाही लिहिलं.”

“माझी बहीण सात वर्षांची होती,” मामा म्हणाले. “पोलादपूरकडे आमचं गाव. घामाने चिंब झाली होती, हातपाय बर्फासारखे गार. रात्रभर पाणी पाजत होते. तेव्हा दवाखान्यात नेली असती तर वाचलीच असती, असं मी म्हणत नाही. पण नेलीच नाही ना.”

काही वेळ मशीनच्या पंख्याचाच आवाज होता. मग मी पुस्तिका पहिल्या पानापासून बारा बाबींशी लावून वाचायला घेतली. सिजिलच्या पानांत कुणाला मारहाण नाही, फसवणूक नाही, भीती घालणं नाही. माणूस स्वतःच्याच इच्छेचं चित्र काढतो आहे. ती पानं मी कुठल्याही साहेबासमोर ठेवीन. सतराव्या पानाचं तसं नव्हतं. तिथे मामांचंच बरोबर होतं, आणि ते माझ्या नजरेतून सुटलं याची मला लाज वाटली.

ती मुलगी कोपऱ्यात बसली, फाइल उघडली आणि आजीचे शब्द काढून टाकले. विंचू आणि यंत्र ठेवलं. मोकळ्या जागेत काय घालायचं, ते तिने मामांनाच विचारलं. मामांनी सांगितलं, तिने लिहिलं: ‘आजीच्या वहीतलं चित्र. कोकणातला लाल विंचू चावला तर तडक दवाखाना. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध या दंशावर वापरलं आणि असंख्य माणसं वाचवली.’ काळा पुन्हा ओढावा लागला. एक ए-थ्री पूर्ण वाया, दीडशे ताव. त्याचे पैसे मी लावले नाहीत.

शेवटच्या पानावर मुद्रकाच्या नावाची जागा तिने कोरी सोडली होती. पुस्तकावर मुद्रकाचं नाव मागणारा 1867 चा जुना कायदा 1 मार्च 2024 पासून गेला. नवा कायदा नियतकालिकांपुरता आहे, पुस्तकावर छापखान्याचं नाव घालायची सक्ती उरलेली नाही. मी तिला आमचं नाव, पत्ता टाइप करून दिला. “खरंच घालू?” म्हणाली. घाल म्हटलं.

रात्री नऊला मामांनी घड्या घातल्या, मधोमध दोन पिना मारल्या. रिसोची शाई चटकन वाळत नाही. सतरावं पान दाबताना त्यांच्या अंगठ्याला लाल रंग लागला. तो त्यांनी लगेच पुसला नाही. एक प्रत बाजूला काढली, जुन्या प्रश्नपत्रिकेत गुंडाळली आणि डब्याच्या पिशवीत ठेवली.