साडेसातचा मेमो

रविवारी कोर्ट बंद असलं तरी रिमांड ड्यूटी, म्हणजे आरोपीला कोठडीत ठेवायचं की नाही हे ठरवायचं काम, असतेच. अटक केलेल्या माणसाला चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायचं, प्रवासाचा वेळ तेवढा वगळायचा. संविधानाचं कलम 22 सुट्टी बघत नाही. इंदूरच्या कोर्टात त्या रविवारी विधी सेवेकडून, म्हणजे आरोपींची मोफत वकील म्हणून, मी होते.

सराफ्यातल्या एका दुकानात कामाला असलेला पोरगा आणला होता. आरोप नोकराने केलेल्या चोरीचा, भारतीय न्याय संहिता कलम 306, शिक्षा सात वर्षांपर्यंत. अशा गुन्ह्यात सरसकट अटक करू नका, आधी नोटीस द्या, हे सुप्रीम कोर्टाने अर्नेशकुमार प्रकरणात 2014 सालीच बजावलंय. थान्यात ते कुणी वाचतं की नाही, देव जाणे.

त्याची आई बाहेर उभी होती. "वकीलताई, शुक्रवारी रात्री जेवत्या ताटावरून नेलं हो त्याला." पोलिसांच्या अटक मेमोत मात्र अटक शनिवारी संध्याकाळी साडेसातची. आईचा शब्द एकीकडे, सरकारी कागद दुसरीकडे. असल्या भांडणात कोण जिंकतं ते सांगायला नको.

फाईल चाळताना मागे टाचलेला वैद्यकीय तपासणीचा कागद हाती लागला. डॉक्टरांचं अक्षर नेहमीसारखंच अगम्य, पण वेळ ठसठशीत: शनिवार, सकाळी 11.10. शेजारी घेऊन येणाऱ्या शिपायाची सही. आता अटकच संध्याकाळची, तर सकाळी शिपाई याला दवाखान्यात कशाला घेऊन गेला होता? हवापालटाला?

आमचा नंबर लागला तेव्हा पावणेएक वाजला होता. आईचं सोडा, दवाखान्याच्या कागदावरूनही चोवीस तास उलटून गेले होते, आणि थान्यापासून कोर्ट रिक्षाने फार तर वीस मिनिटं. तपास अधिकारी म्हणाले, "सर, पूछताछ के लिए लाए थे." मॅजिस्ट्रेट साहेबांनी चष्मा वर केला. "उठके घर जा सकता था?" उत्तर आलं नाही.

अटकेच्या कारणांच्या रकान्यात नुसता कलमाचा आकडा होता. कारणं लेखी, आरोपीला समजेल अशा भाषेत आणि रिमांडच्या किमान दोन तास आधी हातात द्यायची, हा नोव्हेंबर 2025 चा निकालही मी पुढे ठेवला.

रिमांड नाकारला, जातमुचलक्यावर, म्हणजे स्वतःच्याच लेखी हमीवर, पोरगा सुटला.

"म्हणजे केस मिटली ना, ताई?"

"नाही काकू, केस चालणार. नोटीस आली की जायचं, पण आधी मला फोन करायचा."

मालकाकडे राहिलेला पगार मागू का, असंही तिने विचारलं. तेवढं सध्या राहू द्या म्हटलं.