राखणीला की मिरवायला?

आमच्या शाहूपुरीतल्या घरातून गेल्या अठ्ठावीस वर्षांत काय काय चोरीला गेलं ते मोजायला एका हाताची बोटंही जास्त होतात. अडगळीतला तांब्याचा बंब, नवऱ्याची सायकल, पायरीवर वाळत ठेवलेली माझी चप्पल (जोड नव्हे, एकच), आणि फुलं. बंब आणि सायकल एकदाच गेली. फुलं रोज जातात. पहाटे साडेपाचच्या सुमाराला भिंतीवरून एक हात आत येतो, अनंताची फांदी खाली वाकते आणि कॅरीबॅग सळसळते. सासूबाई आंघोळ करून परडी घेऊन बाहेर जातात तेव्हा झाडावर उरलेली असतात ती शेंड्याची तीन-चार फुलं. तिथे कुणाचाच हात पोचत नाही. सासूबाईंचाही नाही.

पण फुलं म्हणजे काही चोरी नव्हे, असं आपल्याकडे मानतात. देवासाठीच तर नेतात. तेव्हा कुत्र्याचा विषय फुलांमुळे निघाला नाही. मे महिन्यात पलीकडच्या गल्लीत घरफोडी झाली. घरची माणसं आठ दिवस पुण्याला लेकीकडे गेलेली. चोरांनी कोयंडा कापला आणि दोन तोळ्यांसाठी सगळी कपाटं उचकटून ठेवली. त्या दिवसापासून दळणाच्या रांगेत, भाजीच्या गाडीपाशी, जो भेटेल तो मला एकच सांगायला लागला, "आता एखादं कुत्रं पाळाच." सल्ला देणाऱ्याला साताऱ्याच्या पावसात साखळी धरून गल्लीत उभं राहायचं नसतं, म्हणून तो सढळ हाताने देतो.

घरात लगेच दोन तट पडले, मग तीन, मग चार. मुलगा हिंजवडीत असतो, तिथून त्याने रॉटवायलरचे फोटो पाठवले. नवऱ्याला अल्सेशियन. "अल्सेशियन म्हणजे अल्सेशियन," असं तो म्हणाला, आणि हे एवढं कारण त्याला पुरेसं वाटलं. मला मनातून तो पांढरा, कापसाच्या गोळ्यासारखा पॉमेरियन हवा होता. आमच्या लहानपणी गल्लीत एका घरी तरी असायचाच आणि तीन घरं सोडून कुणी खोकलं तरी भुंकायचा. सासूबाईंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "कुत्र्यात कसली जात बघताय? लग्न जमवायचंय का त्याचं?"

त्यांचं फार चुकलं नव्हतं. पिल्लं विकणाऱ्या दोघा-तिघांना फोन केले तेव्हा अगदी स्थळं बघत असल्यासारखंच वाटलं. "पेपर आहेत ताई, केनेल क्लबचे." म्हणजे पत्रिका. "आई-बाप दोन्ही घरचेच, येऊन बघा." म्हणजे खानदान. "रंग एकदम तेज आहे." तो तर आपल्याकडे पहिलाच प्रश्न. एकाने पाच आठवड्यांचं पिल्लू लगेच न्या म्हणून घाई केली. पिल्लू आठ आठवड्यांचं होईपर्यंत आईपासून तोडू नये, विकूही नये असा नियम आहे, हे मी तोवर वाचलेलं होतं. तसं म्हटल्यावर त्याने फोन ठेवला.

शेवटी आमच्या ओळखीचे एक निवृत्त पशुवैद्य आहेत, त्यांच्याकडे गेलो. मूळचे जतकडचे. त्यांनी चहा सांगितला आणि विचारलं, "राखणीला पायजे का मिरवायला?"

"राखणीला," नवरा छाती काढून म्हणाला.

"बरं. वरडायला का अडवायला?"

ही दोन कामं वेगळी असतात हे आम्हाला त्या दिवशी कळलं. डॉक्टरांचं म्हणणं असं, की दहातल्या नऊ घरांना ओरडणारा कुत्रा पुरतो. चोर दातांना भितो त्याहून जास्त शेजारच्या घरात लागलेल्या दिव्याला भितो. दिवा लागायला आवाज पुरतो, आणि आवाजासाठी चाळीस किलोचं जनावर लागत नाही. अडवणारा हवा असेल तर त्याला शिकवावं लागतं, रोज तास-दीड तास फिरवून दमवावं लागतं, आणि साखळी धरणाऱ्याच्या मनगटात ताकद लागते. हे जमलं नाही तर तो अडवतोच, पण चोराला नव्हे. दूधवाल्याला. "चोर काय रोज येतो का? दूधवाला रोज येतो," डॉक्टर म्हणाले. तीन महिन्यांच्या पिल्लाला रेबीजची पहिली लस आणि मग दरवर्षी एक, गोचिडांचं औषध, पावसाळ्यात कानांची काळजी, हे सगळं त्यांनी एका दमात सांगितलं. नवऱ्याची छाती तोवर मूळ मापावर आली होती.

लॅब्रेडोर? मी विचारलं. आजकाल तोच सगळीकडे दिसतो. डॉक्टर हसले. शिकाऱ्याने पाडलेला पक्षी पाण्यातून अलगद उचलून आणून द्यायचा, हे त्याच्या पिढ्यांचं काम. दात लावायचा नाही, हीच त्याची कीर्ती. पळता पळता चोराच्या हातून काही पडलं, तर तो तेही उचलून नेऊन देईल.

आणि कारवानी? ते नाव निघाल्यावर डॉक्टरांचा आवाजच बदलला. जत, आटपाडीपासून पुढे मुधोळपर्यंत त्या कुत्र्याचा मुलूख. लांब तोंड, आत गेलेलं पोट, आणि पाय असे की उभं असतानाही पळतंय असं वाटावं. मुधोळच्या घोरपडे राजांनी ही जात जोपासली, म्हणून तिला मुधोळ हाउंड म्हणतात. 2005 साली तिच्यावर टपाल तिकीट निघालं. पुढे लष्कराने मेरठच्या केंद्रात नेऊन तिला शिकवायला घेतलं. डॉक्टर हे सगळं असं सांगत होते, जणू गावचा पोरगा कलेक्टर झाला आहे. मी भीत भीत म्हटलं, मग तोच आणू या का?

"अजिबात नको," ते म्हणाले. "तुमचं अंगण केवढं? त्याला रान लागतं वो. आन परक्यानं अंगाला हात लावलेला त्याला खपत न्हाई. तुमच्याकडं हळदीकुंकवाला बायका येणार, त्या कुरवाळणार. कशाला त्या बिचाऱ्याचे हाल?"

हाल कुत्र्याचे. बायकांचे नव्हेत.

त्या रात्री मला झोप लागेना म्हणून मोबाईलवर एकेका जातीचं मूळ वाचत बसले. एरवी मला इतिहासाचं फार नाही, पण हे वाचण्यात रात्रीचा एक वाजला. जर्मनीतल्या आपोल्डा गावी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला लुई डोबरमान नावाचा करवसुली करणारा एक माणूस होता. पैसे घेऊन एकट्याने फिरायचं म्हणजे जिवाला घोर, म्हणून त्याने स्वतःपुरता एक पहारेकरी तयार करायला घेतला. भटकी कुत्री पकडायचं कामही त्याच्याकडेच होतं, म्हणजे कच्चा माल हाताशी. नवऱ्याची बरीच नोकरी घरपट्टीच्या वसुलीत गेली. सकाळी त्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "वसुलीवाल्याकडे कुत्रा? आमच्या वेळी कुत्रा नेहमी समोरच्याकडे असायचा."

रॉटवायलर हा रॉटवाइल गावच्या खाटकांचा. गुरं हाकायची, मांसाचा गाडा ओढायचा. आणि बाजारातून परतताना मालक पैशाची थैली त्याच्याच गळ्यात बांधायचा, असं सांगतात. (2024 च्या मार्चमध्ये केंद्राने राज्यांना ज्या 23 जातींवर बंदी घालायला सांगितलं, त्यांत तो होता. पुढे कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पत्रक रद्द केलं. मुलाला एवढं कळवल्यावर त्याचे फोटो येणं थांबलं.) अल्सेशियन, म्हणजे जर्मन शेफर्ड, तर मुळात मेंढपाळाचा. 1899 साली घोडदळातल्या एका जर्मन अधिकाऱ्याने जात म्हणून त्याची घडी बसवली. पहिल्या महायुद्धापासून इंग्रजांना जर्मन हा शब्दच तोंडात नकोसा झाला, म्हणून त्यांनी त्याला अल्सेशियन म्हणायला सुरुवात केली आणि चांगलं 1977 पर्यंत म्हणत राहिले. त्यांनी सोडलं, आमच्या नवऱ्याने नाही.

म्हणजे एकेका जातीमागे कुणाची तरी एकेक भीती उभी आहे. वसुलीवाल्याला वाटमारीची, खाटकाला पैशाच्या थैलीची, मेंढपाळाला लांडग्याची. त्यांनी ती भीती नीट ओळखली आणि मग तिच्या मापाचं कुत्रं शिवून घेतलं. आम्ही मात्र दुसऱ्याच्या मापाचे शिवलेले कपडे घालून बघत होतो. आमची भीती नक्की कशाची? सोनं बँकेच्या लॉकरमध्ये. टीव्ही इतका जुना की चोर नेताना लाजेल. मी अंधारात घरभर नजर फिरवली. नेण्यासारखं, आणि खरोखर रोज नेलं जाणारं, एवढ्या मोठ्या घरात एकच होतं. ते बाहेर भिंतीपाशी उमलत होतं.

पण पहाटे साडेपाचला भिंतीवरून आत येणाऱ्या, निवृत्त मुख्याध्यापकांच्या नाहीतर भजनी मंडळातल्या काकूंच्या हातावर हळूच, न चावता, आदर राखून भुंकेल अशी जात जर्मनीत कुणी काढलेली नाही.

पुढच्या रविवारी आम्ही संगम माहुलीला गेलो. सासूबाईंना कृष्णा-वेण्णेच्या संगमावर जायचं होतं, आणि डोक्यात कुत्राच असल्यामुळे मला खंड्या आठवला. साताऱ्याच्या माणसाला खंड्याची ओळख करून द्यावी लागत नाही. थोरल्या शाहू महाराजांचा हा कुत्रा. शिकारीत वाघ अंगावर आला तेव्हा त्याने महाराजांना वाचवलं, आणि महाराजांनी त्याला जहागीर दिली, पालखीचा मान दिला. साताऱ्यात इंग्रजांचा रेसिडेंट असलेल्या ग्रँट डफनेही ही हकीकत लिहून ठेवली आहे. आपल्या भपक्याचा डौल मिरवणारे सरदार भेटीला यायचे होते, तर महाराजांनी खंड्याच्या अंगावर जरीचा पोशाख आणि दागिने चढवले, आपली पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली आणि भरदरबारात त्याला तसं बसवलं. महाराज 1749 साली गेले. माहुलीला त्यांची समाधी आहे आणि खंड्याचीही.

म्हणजे राखणीला आणि मिरवायला, दोन्हीला एकच कुत्रा. डॉक्टरांना हे कळवायला हवं.

गंमत म्हणजे खंड्याची गोष्ट सांगणारे वाघ सांगतात, पालखी सांगतात, जहागीर सांगतात. तो कुठल्या जातीचा होता ते सांगायला थांबत नाहीत. सासूबाईंनी समाधीला हात जोडले आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू लग्नाच्या बैठकीत जिंकल्या.

परत येताना नवऱ्याने नवीच शंका काढली. अजिंक्यताऱ्याच्या अंगाला बिबट्या दिसल्याची बातमी अधूनमधून येते. कराड-पाटणकडे तर उसातून बिबट्या बाहेर पडतो तो पहिल्यांदा कुत्रंच उचलतो. वाघावर धावून जाणारा खंड्या एखादाच. "कुत्रा आपली राखण करणार, त्याची कोण करणार?" नवरा म्हणाला. म्हणजे रात्री त्याला घरात घ्यायचं. घरात घेतला की तो आपल्याबरोबर सोफ्यावर झोपणार. सोफ्यावर झोपायला घरात माणसं कमी आहेत का?

तात्पुरता तोडगा म्हणून पोवई नाक्यावरून एक पत्र्याची पाटी आणली. 'कुत्र्यापासून सावध राहा.' वर जीभ बाहेर काढलेल्या अल्सेशियनचं चित्र, त्यामुळे नवऱ्याची हौस निम्मी तरी भागली. कुत्रा ठरेपर्यंत राहू दे, असं म्हणून फाटकाला लावली. तिचा गुण दुसऱ्याच दिवशी आला. कुरिअरवाल्याने पार्सल समोरच्या घरी टाकलं आणि मला फोनवर दरडावलं, "मॅडम, बांधून ठेवत जा ना." गॅसवाल्याने रस्त्यावरूनच हाका मारल्या. दूधवाला आत यायचा थांबला. मीच पातेलं घेऊन फाटकापर्यंत जायला लागले, आणि माझा सकाळचा फिरण्याचा व्यायाम त्यात होतो असं नवऱ्याने जाहीर केलं. शेजारणी विचारायच्या, "दिसत नाही कधी? फार कडक आहे का?" मी आधी खरं सांगायचे. मग कंटाळून नुसतं "हो, मागे असतो" म्हणायला लागले.

एके दिवशी कुणीतरी सासूबाईंना नाव विचारलं. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "खंड्या."

फुलांचं मात्र काही बदललं नाही. कुत्रा नाही हे बहुतेक पहाटेच्या मंडळींनी सगळ्यांत आधी ओळखलं होतं, किंवा असला तरी आपलाच आहे असं धरलं होतं. जुलैतल्या एका पहाटे, भुरभुर पाऊस होता, मी खिडकीशी उभी होते. मागच्या गल्लीतल्या काकू छत्री मानेत अडकवून भिंतीपाशी उभ्या राहिल्या. फांदीला हात घालायच्या आधी त्यांनी पिशवीतून कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढून भिंतीवर ठेवलं. तेवढ्यात सासूबाई परडी घेऊन अंगणात आल्या.

काकू दचकल्या, पण सावरल्या. "अहो, रोज फुलं नेते, म्हटलं खंड्याला चतकोर भाकरी तरी आणावी. खातो ना? का ब्रेडच लागतो त्याला?"

सासूबाईंनी भाकरी उचलून परडीत ठेवली.

"भाकरी खातो," त्या म्हणाल्या. "पण अनंताला हात लावला की फार गुरगुरतो हो."

काकूंनी एकदा मागच्या अंगणाकडे पाहिलं, एकदा झाडाकडे.

"मग राहू दे बाई," त्या म्हणाल्या. "तगर घेते."